पाना कोणाच्या हातात?

गाडीचे चाक पंक्चर झाले तर ते स्वतः बदलावे, की मदतीसाठी फोन करावा? मराठीच्या प्राध्यापकाने असा प्रश्न घेऊन साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर यावे, हे अनेकांना औचित्याला सोडून वाटेल. तरीही तो मांडावासा वाटतो. या वादात जे शब्द सहज फेकले जातात (स्वावलंबन, सोय, वेळेचे मोल, सुरक्षितता), ते आपण वर्गात नित्य वापरतो आणि क्वचितच तपासून पाहतो. शिवाय हाताने करायच्या कामाविषयी शिकलेल्या मराठी माणसाची जी वृत्ती आहे, ती या एका किरकोळ प्रसंगात जितकी उघडी पडते तितकी मोठमोठ्या परिसंवादांत पडत नाही.

या वादाचे दोन ठरलेले पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, ज्याला स्वतःच्या गाडीचे चाक बदलता येत नाही त्याने गाडी चालवू नये. दुसरा पक्ष म्हणतो, आपण विम्याचे आणि सेवेचे पैसे भरतो ते कशासाठी? ज्याचे काम त्याने करावे. दोन्ही पक्ष शहरात बसून बोलतात आणि दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे निवड करणे आपल्या हातात आहे. अड्याळहून पाहिले की हे गृहीतक डळमळते.

अड्याळ हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले गाव. भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण मध्यावर ते लागते. दोहो बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनमधून तलाव आणि जंगलाचे पट्टे. मुख्य रस्ता सोडून आतल्या गावांकडे वळले की दुकाने संपतात, दिवे संपतात आणि फोनची रेंज येते-जाते. नव्या मोटारीबरोबर रस्त्यावरील साहाय्याची जी पुस्तिका मिळते, तिच्यातील आश्वासनाला काही अटी असतात. त्या छापलेल्या नसतात, एवढेच. फोन चार्ज केलेला असावा, रेंज असावी, आपण नेमके कुठे आहोत हे पलीकडच्या शहरातील माणसाला सांगता यावे आणि मदतीची गाडी जिथून निघणार ते ठिकाण फार दूर नसावे. पलीकडचा आवाज जवळची ठळक खूण विचारतो. येथे खूण म्हणजे एक मोह आणि एक पाटाची मोरी. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाट्यमंडळ्यांच्या गाड्या पडदे, दिवे आणि नटांना घेऊन रात्रभर या चार जिल्ह्यांतून धावत असतात. त्यांच्यापुढे 'बदलावे की बोलवावे' हा तात्त्विक प्रश्न उभाच राहत नाही. गाडीत पाना आणि जॅक असतो आणि ते वापरता येणारा निदान एक माणूस असतो. खुद्द रंगमंचाइतकीच ही त्या रंगभूमीची गरज आहे.

आता शब्दांकडे वळू. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. इंग्लंडमध्ये आज कोणाला हा शब्द सांगितला तर बहुधा अर्थबोध होणार नाही, कारण तेथे तो केव्हाच वापरातून गेला. वेल्समधील लानेली या गावातील स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास एक जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली. त्यापूर्वीच्या मोटारींची चाके सहजासहजी निघत नसत आणि जादा चाकही नसे. पंक्चर झाले की रस्त्यातच टायर सोडवून दुरुस्त करावा लागे. डेव्हिस बंधूंचे चाक फुटक्या चाकाला बाहेरून आवळून बसवता येई. त्या रस्त्याचे नाव वस्तूला लागले, वस्तू जगभर गेली आणि मूळ देशात शब्द मेला तरी तो भारतात जगला. मराठीने तो इतका आपला केला की त्याची लाक्षणिक रूपेही तयार झाली. वेळेला उपयोगी पडेल म्हणून हाताशी ठेवलेला माणूस 'स्टेपनी' ठरला आणि पुढे एखाद्या स्त्रीला हिणवण्यापर्यंत या शब्दाची मजल गेली. एखादी वस्तू केवळ अडचणीपुरती आठवायची, एरवी डिकीत दडवून तिची हवाही तपासायची नाही, ही आपली सवय त्या लाक्षणिक अर्थात नेमकी उतरली आहे.

दुसरा शब्दप्रयोग 'पंक्चर काढणे'. चाकाला पंक्चर 'होते' आणि आपण ते 'काढतो', पायात रुतलेला काटा काढावा तसे. दुरुस्तीसाठी इतका शरीरजवळचा प्रयोग भाषेत सहज रुळला, कारण तो करणारे हात रोज नजरेसमोर होते. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणे, ती जागा खरवडणे, सोल्यूशन लावणे, फुंकर घालून ते सुकवणे, पॅच दाबून बसवणे. ज्याने हे लक्षपूर्वक पाहिले त्याला 'निदान' आणि 'उपचार' या शब्दांसाठी वैद्यकाकडे जावे लागत नाही.

तिसरा प्रयोग अधिक विचार करायला लावणारा आहे: 'टायर फुटला'. या वाक्याचा कर्ता टायर आहे. कोणी फोडला नाही, कोणाकडून काही राहून गेले नाही. तो आपणहून फुटला. अपघाताच्या बातम्यांत हे वाक्य आले की पुढची सगळी चौकशी जणू संपते. मुंबई उच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत आला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई दिली. विमा कंपनीने अपिलात म्हटले की टायर फुटणे ही दैवी घटना आहे, तिचा दोष कोणावर ठेवता येणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. टायर फुटण्यामागे वेग असतो, हवा कमी किंवा जास्त असते, टायर जुना असतो, तापमान असते; निघण्यापूर्वी टायरची अवस्था पाहणे हे चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर झाली तर तो मानवी निष्काळजीपणा आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर न्यायालयाने एका अकर्मक वाक्याला त्याचा दडलेला कर्ता परत मिळवून दिला. 'बदलावे की बोलवावे' हा प्रश्न मुळात दुसरा आहे. पहिला प्रश्न 'पाहिले होते का' हा आहे आणि तो कोणत्याही फोनवरून सुटत नाही.

स्वतः चाक बदलण्याची क्षमता ही जणू माणसाची नैसर्गिक स्थिती होती आणि सुखासीनतेने ती नष्ट केली, असा एक समज पहिल्या पक्षात आढळतो. इतिहास तसा नाही. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर आणला तेव्हा तो चाकाला चिकटवलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असा एक फाटका टायर दुरुस्तीला आला. तो सोडवून जोडायला तासन् तास लागले आणि डिंक सुकायला रात्र जावी लागली. या त्रासातून त्यांनी सहज काढता-घालता येणारा टायर तयार केला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच वर्षी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस सायकल शर्यत जिंकणाऱ्या शार्ल तेराँच्या सायकलला हे टायर होते. म्हणजे दुरुस्तीची सुलभता ही स्वतःच एक शोध होती. कोणीतरी वस्तू तशी घडवली म्हणून आपल्याला ती आपल्या हाताने सुधारता आली.

जे घडवता येते ते मोडताही येते. जुन्या बजाज चेतकला मागे स्टेपनी असे. तिची दोन्ही चाके सारखी असत, त्यामुळे नट सोडून कोणीही चाक बदलून पुढे जाई. आजच्या बहुतेक स्कूटरना स्टेपनीच नाही. मोटारींच्या बाबतीत जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक देण्याची सक्ती उरली नाही. यामागची कारणे अगदीच पोकळ नाहीत. वजन कमी होते, जागा वाचते, विजेवरच्या गाडीत बॅटरीला वाव मिळतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते, खिळा न उपसता बरेच अंतर कापता येते आणि छिद्रात पट्टी खुपसून पाच-दहा मिनिटांत काम होते. पण टायरची कडच फाटली, खड्ड्याच्या धारेवर तो उभा चिरला, तर तो संच निरुपयोगी ठरतो. आमच्याकडच्या रस्त्यांवर, विशेषतः पावसाळ्यानंतर, टायर खिळ्याने जातो तसाच खड्ड्यानेही जातो. अशा वेळी 'स्वतः बदला' हा उपदेश ज्याच्या गाडीत चाकच नाही त्याला करावा लागतो. स्वावलंबन हा मनाचा गुण मानला जातो, पण त्याचा बराचसा भाग कारखान्यात ठरलेला असतो. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर जे संकेतस्थळ सुरू केले त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. या हक्काचा विचार चळवळ म्हणून आपल्याकडे अजून रुजायचा आहे.

येथवर आल्यावर पहिल्या पक्षाचे खरे बळ कशात आहे ते पाहू. रॉबर्ट पिरसिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक १९७४ मध्ये आले. त्यातील निवेदक आपली मोटरसायकल स्वतः दुरुस्त करतो. त्याचा मित्र जॉन दुरुस्तीचा विषय निघाला की अस्वस्थ होतो. जॉनच्या महागड्या गाडीचा हँडल सैल झालेला असतो. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी आत सरकवली की काम होईल. जॉन दुखावतो. त्याला आपल्या गाडीत डब्याचा पत्रा दिसतो. निवेदकाला मऊ, न गंजणारा, नेमक्या जाडीचा धातू दिसतो. एकच वस्तू दोघे दोन भाषांत वाचतात. मॅथ्यू क्रॉफर्ड हे राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट असून मोटरसायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे गृहस्थ. त्यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात हाताच्या कामातील बुद्धीचा मुद्दा पुढे नेला. वस्तू आपल्या मताला भीक घालत नाही; नट बसला की बसला, नाही तर नाही. अभिप्रायांच्या जगात वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना ही शिस्त उपकारक आहे, यात शंका नाही.

चाक बदलण्याचे ज्ञान तसे थोडेच, पण ते क्रमाचे ज्ञान आहे. गाडी सपाट, टणक जागी घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, समोरच्या कोपऱ्यातील चाकाला दगडाची ओट लावायची. नट आधी अर्धवट सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. गाडी उचलल्यावर घट्ट नटाशी झुंजू लागलो तर ती जॅकवरून सरकण्याचा धोका असतो. नवे चाक बसवल्यावर नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळायचे म्हणजे चाक वाकडे बसत नाही. गाडी खाली घेतल्यावर शेवटचा आवळ द्यायचा आणि काही अंतर गेल्यावर तो पुन्हा पाहायचा. यात ताकदीपेक्षा लांब दांड्याचा पाना आणि योग्य क्रम यांचे महत्त्व अधिक आहे. 'हे बायकांचे काम नव्हे' असे म्हणणाऱ्याने हा क्रम एकदा स्वतः करून पाहावा, म्हणजे आपण शक्तीविषयी बोलत होतो की सवयीविषयी, ते त्याला कळेल.

मात्र या पक्षाचा गौरव करताना मराठी वाचकाला एक गोष्ट विसरता येत नाही. हाताच्या कामाचे तत्त्वज्ञान ज्यांना आज नव्याने सापडले आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात ते काम पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याकडे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ग्रामव्यवस्थेचा जो ग्रंथ लिहिला त्याचे नावच 'गावगाडा'. गाड्याचे चाक सुताराने करायचे, त्यावर लोखंडी धाव लोहाराने तापवून चढवायची आणि वर्षाकाठी धान्याच्या रूपात बलुते घ्यायचे. वाटेत धाव निसटली, आरा मोडला की कोणाला हाक मारायची हे जन्मानेच ठरलेले असे. म्हणजे 'ज्याचे काम त्याने करावे' ही सेवा-पुस्तिकेतील नवी भाषा नाही. तिच्यामागे जातीचा मोठा इतिहास आहे. आणि 'मी स्वतः करतो' या अभिमानातही दोन जाती आहेत. हौसेने पाना धरणाऱ्याचे छायाचित्र निघते, पोटासाठी धरणाऱ्याच्या हाताच्या काळपटपणाला नावे ठेवली जातात. गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर 'पंक्चरवाला' हा शब्द एका संपूर्ण समाजाला हिणवण्यासाठी सर्रास वापरला जातो. ज्या माणसावाचून रात्री आपले पान हलत नाही त्याच्या धंद्याचे नाव शिवी म्हणून वापरायचे, ही भाषिक घटना मराठीच्या अभ्यासकांनी नोंदवायला हवी. झाडाला किंवा खांबाला टांगलेला एक जुना टायर एवढीच ज्याची पाटी, त्या दुकानाला आपण आपल्या वाङ्मयातही फारसा थारा दिलेला नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे. मदत मागणे हा दुबळेपणा आहे, हे म्हणणे काही परिस्थितींत प्राणावर बेतणारे आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा अखेरचा टप्पा जोडला गेला. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. काँक्रीटचा सरळसोट रस्ता, उन्हाळ्यातील विदर्भाचे तापमान आणि तासन् तास एकच वेग यांमुळे टायरांवर ताण येतो. म्हणूनच परिवहन विभागाने तेथे टायर तपासण्याची मोहीमही घेतली. अशा रस्त्याच्या कडेला, ताशी शंभराहून अधिक वेगाने जाणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून नट सोडत बसणे शौर्याचे नसते. तेथे गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, दिवे लुकलुकते ठेवावेत, सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे जावे आणि मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांक आहे, संकटकाळासाठी ११२ आहे. रस्त्यावरील मदतीची ही कल्पनाही नवी नाही. इंग्लंडमधील ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ ची आणि मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची. जोवर मोटार ही मूठभरांची होती तोवर ही मदत क्लबच्या सभासदत्वासारखी होती. आज ती विम्याबरोबर विकली जाते.

पण मदत हा शब्दही निरपेक्ष नाही. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ शमशाबादच्या टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्यक स्त्रीच्या स्कूटरची हवा मुद्दाम काढण्यात आली आणि मग ती काढणारेच मदतीला पुढे आले. पुढे घडले ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्या घटनेनंतर कोणत्याही मुलीला 'अगं, रस्त्यात कोणीही मदत करतं' असे सांगताना माझी जीभ अडखळते. आमच्या महाविद्यालयांत आसपासच्या गावांतून स्कूटीवर येणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या गाडीला स्टेपनी नाही, रस्त्यावरील साहाय्याची पुस्तिका बहुधा नाही आणि वाटेत थांबलेल्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा की नाही हे त्यांना क्षणात ठरवावे लागते. स्वावलंबन विरुद्ध सेवा हा सारा वाद मोटारवाल्या पुरुषाच्या मापाने बेतलेला आहे, हे येथे लख्ख दिसते.

मग मार्ग कोणता? मला वाटते, आपण इंग्रजी वळणाच्या या द्वंद्वात विनाकारण अडकलो आहोत. 'स्वतः करा' आणि 'पैसे देऊन करवून घ्या' यांच्या दरम्यान तिसरी एक रीत आहे आणि तिच्यासाठी मराठीत फार चांगले शब्द आहेत. एक 'सावड', दुसरा 'इर्जिक'. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या, ही सावड. एकाच्या नांगरणीला गावाने आपापले बैल घेऊन यायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे, ही इर्जिक. यात उपकार नाही, मजुरी नाही आणि एकाकी पराक्रमही नाही. बंद पडलेल्या गाडीभोवती जमणारी माणसे ही या व्यवस्थेचीच आजची खूण आहे. पु. ल. देशपांड्यांच्या 'म्हैस'मध्ये एसटी थांबते आणि रस्त्यावर एक अख्खा समाज जमा होतो. त्या समाजाची पुलंनी यथेच्छ थट्टा केली आहे. पण तो जमतो, ही गोष्ट आज विनोदापलीकडे महत्त्वाची वाटते. काच वर करून फोन कानाला लावलेल्या माणसाभोवती कोणी जमत नाही, कारण त्याला कोणाची गरज आहे असे दिसतच नाही.

सावडीची एक अट आहे: सावडीला येणाऱ्याला काम आले पाहिजे. ज्याला नांगर धरता येत नाही त्याला इर्जिकीला बोलावून उपयोग काय? चाक बदलायला शिकण्याचे खरे कारण मला येथे दिसते. आपल्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये, हे कारण लहान आहे आणि त्यात थोडा अहंकारही आहे. आपल्याकडे कोणी हात पसरला तर तो रिकामा जाऊ नये, हे मोठे कारण आहे. ज्याच्याजवळ फक्त मदतवाहिनीचा क्रमांक आहे, त्याची सोय त्याच्यापुरतीच राहते. कराराची सेवा शेजाऱ्याला उसनी देता येत नाही. पाना देता येतो आणि तो फिरवणारा हातही देता येतो. रात्री अड्याळच्या पुढे, जंगलाच्या पट्ट्यात एखादे कुटुंब अडकलेले दिसले तर थांबणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात, थांबण्याची इच्छा आणि थांबून काही करता येण्याची पात्रता. दुसरी नसली की पहिलीही हळूहळू मरते. 'आपण थांबून करणार काय' असे स्वतःशी म्हणत माणूस पुढे निघून जातो.

यावर कोणी म्हणेल की हे ग्रामीण भूतकाळाचे गोडवे झाले. गावकीत सावड होती तशी सक्ती आणि बहिष्कारही होता. आक्षेप बरोबर आहे. जन्माने ठरलेली हाक मला नको आहे. म्हणूनच कौशल्य सर्वांच्या हाती असण्याचा आग्रह आहे. ते एकाच जातीच्या, एकाच धंद्याच्या किंवा केवळ पुरुषांच्या हाती राहिले की मदतीची जागा मेहेरबानी किंवा सक्ती घेते. रस्त्यात अडकलेल्या मुलीला तिच्यासारखीच दुसरी मुलगी मदत करू शकते, ही शक्यता तयार झाली तर हैदराबादच्या घटनेतील भीतीवर निदान अंशतः उतारा मिळेल. फोन आहेच, तो करावा, घरी कळवावे, ११२ लावावा. पण फोनच्या पलीकडून माणूस येईपर्यंतचा जो वेळ आहे, त्यातल्या समाजाविषयी मी बोलतो आहे.

यात शिक्षणाचा भाग उघड आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली. हाताच्या कामातून ज्ञान, हे तिचे सूत्र. ते वर्धा आमच्यापासून फार दूर नाही, पण आमच्या पदव्या त्या सूत्रापासून फार दूर आहेत. मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रयुग आम्ही दरवर्षी शिकवतो. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. त्या शीर्षकाचा अर्थ आम्ही फळ्यावर समजावून सांगतो आणि त्या विद्यापीठाचा एकही तास भरवत नाही. ज्याने आयुष्यात नट आवळला नाही त्याने यंत्रामुळे माणसाला येणाऱ्या परात्मतेवर बोलावे, यात काही चुकीचे नाही; मात्र तो निम्म्याच अनुभवावर बोलत असतो. यंत्र परके करते तसे ते, उघडून पाहिले तर, ओळखीचेही होते. ही दुसरी बाजू आमच्या समीक्षेत जवळजवळ आलेलीच नाही.

म्हणून एक साधी सूचना. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात किंवा एखाद्या शनिवारी, गावातील पंक्चरच्या दुकानदाराला महाविद्यालयात बोलवावे. रीतसर अतिथी व्याख्याता म्हणून, शाल-श्रीफळ देऊन आणि इतरांना देतो तेवढेच मानधन देऊन. मुला-मुलींना जॅक कुठे लावायचा, ट्यूबलेसची पट्टी कशी भरायची, हवा किती असावी, स्टेपनीची हवा का तपासावी, हे हातात पाना देऊन शिकवावे. प्राध्यापकांनीही रांगेत उभे राहावे. मराठीच्या विभागाने त्याच्या दुकानातील शब्दांची यादी करावी; बोलींचे सर्वेक्षण आपण करतोच, धंद्यांच्या भाषेचे क्वचित करतो. ट्यूबचा काळ सरत आला आहे. तिच्याबरोबर 'बुडबुडे पाहणे', 'पॅच बसवणे' ही क्रियापदेही जातील आणि 'पंक्चर काढणे' हा प्रयोग, त्याचे मूळ कोणालाच आठवत नसताना, एखाद्या जीवाश्मासारखा उरेल.

बदलावे की बोलवावे, याचे माझे उत्तर आता द्यायला हरकत नाही. महामार्गावर बोलवावे. गावरस्त्यावर, उजेडात, चाक आणि अवजारे असतील तर बदलावे. जीव घाबरला असेल, प्रकृती ठीक नसेल, सोबत लहान मूल असेल, तर कोणताही संकोच न बाळगता बोलवावे. पण शिकावे मात्र सर्वांनी. आणि दुसऱ्याची गाडी कडेला उभी दिसली तर वेग कमी करून, दिवे लावून, थोडे अंतर राखून निदान विचारावे: 'काही लागते का?' हा प्रश्न विचारण्याचा हक्क ज्याला पाना धरता येतो त्याला अधिक शोभतो.